सैल सांध्याची खरखर

संध्याकाळच्या वेळीं घरांत मध्यम लहरींवरील रेडिओ चालू असावा आणि शेजारच्या खोलींत कोणीं दिव्याचें बटण दाबावें. तत्क्षणीं गायकाच्या तानेंत 'टक्' असा एक आगंतुक आवाज मिसळून जातो. हा अनुभव इतका नित्याचा आहे, कीं त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. मुंबईंत १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेच्या ट्रामगाड्या धांवत होत्या. ट्रामचा दांडा वरच्या तारेवरून क्षणभर उचलला गेला, कीं निळी ठिणगी चमके, आणि रस्त्यालगतच्या घरांतील रेडिओ त्याच क्षणीं खरखरे. धातूस धातु लागला आणि सुटला, कीं त्या जागीं लहानमोठी ठिणगी उडते. आणि ठिणगी उडाली, कीं आसमंतांत विद्युच्चुंबकीय लहर उठते, हें यामागील साधें कारण.

श्रोत्याच्या दृष्टीनें ही फार तर एक कटकट आहे. क्षणभर कपाळास आठी घालून तो पुन्हां गाण्याकडे वळतो. परंतु माळावर उभा राहून, हातांतल्या प्रक्षेपक पेटीनें आकाशांतील लहानगें विमान चालविणाऱ्या हौशी वैमानिकास ही खरखर ऐकूंच येत नाहीं, आणि हीच खरी अडचण आहे. बाल्सा लाकडाच्या फासळ्या महिनोन् महिने जुळवून, त्यांवर रेशीम किंवा कागद ताणून, पुढें चिमुकलें एंजिन बसवून त्यानें जें विमान उभें केलेलें असतें, तें एकाएकीं त्याची आज्ञा मानीनासें होतें, एका पंखावर कलतें आणि त्याच्या डोळ्यांदेखत भुईवर आदळतें. मागाहून अवशेष तपासावे, तों बॅटरी शाबूत, ग्राहकयंत्र शाबूत, जोडतारा शाबूत. दोष कित्येकदां निघतो तो एका क्षुल्लक जागीं. सुकाणूं हलविणाऱ्या सळईच्या टोकाची धातूची कडी धातूच्याच शिंगांत सैल बसलेली असते, आणि एंजिनाच्या थरथरीनें तीं दोन्ही एकमेकांवर सतत घासत व आपटत असतात.

त्या सांध्याचा इतिहास मात्र क्षुल्लक नाहीं. बिनतारी लहरीची पहिली चाहूल लागली ती अशाच एका सैल सांध्यामुळें. बिनतारी विद्येचा पहिला कानहि सैल सांध्याचाच होता. आणि विद्या वयांत आल्यावर तिनें ज्यास दाराबाहेर काढलें, तोहि तोच.

डेव्हिड एडवर्ड ह्यूज हा अमेरिकेंत वाढलेला गृहस्थ प्रथम संगीताचा शिक्षक होता. १८५५ सालीं त्यानें अक्षरें छापणारें तारायंत्र काढलें आणि युरोपांतील अनेक तारखात्यांनीं तें पत्करल्यामुळें त्यास धन व कीर्ति दोन्हींचा लाभ झाला. पुढें १८७८ सालीं त्यानें आपला मायक्रोफोन लोकांपुढें ठेवला. मायक्रोफोनचें तत्त्वच मुळीं सैल स्पर्शाचें आहे. कोळशाचे दोन तुकडे एकमेकांस जेमतेम टेकलेले असतात. बोलण्याच्या कंपानें तो स्पर्श कमीअधिक होतो आणि त्याप्रमाणें विजेचा प्रवाहहि कमीअधिक वाहतो. तेव्हां सैल सांधा म्हणजे काय चीज आहे, हें ह्यूजइतकें त्या काळीं क्वचितच कोणास ठाऊक असेल.

१८७९ सालीं लंडनमध्यें तो इंडक्शन बॅलन्स नांवाच्या, तारेच्या वेटोळ्यांनीं बनविलेल्या एका नाजूक विद्युत्-तराजूवर काम करीत होता. तराजूचीं दोन्ही अंगें समतोल झालीं, म्हणजे कानाशीं धरलेल्या टेलिफोनमध्यें शांतता व्हावयास पाहिजे. परंतु ती कांहीं केल्या होईना. वेटोळ्यांवरील आवरण कोठें तरी फाटलें असावें, असा प्रथम त्याचा तर्क झाला. शोध घेतां घेतां आढळलें, कीं मंडळांत एका जागीं सांधा सैल आहे. दुसरा कोणी असता, तर त्यानें तो सांधा पिळून घट्ट केला असता आणि विषय संपविला असता. ह्यूजनें तो घट्ट केला नाहीं. सैल स्पर्शाचा मायक्रोफोन त्यानें मंडळापासून पार वेगळा काढला, कांहीं फूट दूर नेऊन ठेवला, आणि तरीहि वेटोळ्यांतील प्रवाह तुटतांच टेलिफोनमध्यें 'टक्' असा आवाज उमटला. मधें तार नाहीं, दोरी नाहीं, कांहीं नाहीं!

मग त्यानें घड्याळी चक्रांच्या साह्यानें प्रवाह ठराविक अंतरानें आपोआप तोडण्याची सोय केली, तें यंत्र घरांत चालू ठेवलें, आणि ग्राहक हातांत व टेलिफोन कानाशीं धरून तो ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट या रस्त्यानें चालूं लागला. पांचशें यार्डांच्या सुमारास आवाज मावळला. भर रस्त्यांत कानाला डबी लावून येरझारा घालणाऱ्या या प्रौढ गृहस्थाकडे पाहून येणाराजाणारा काय म्हणत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सृष्टींतील एक नवी शक्ति त्या घटकेस त्याच्या कानांत बोलत होती.

२० फेब्रुवारी १८८० रोजीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष स्पॉटिसवुड आणि चिटणीस हक्स्ली व स्टोक्स हे हा चमत्कार पाहण्यास त्याच्याकडे आले. आरंभीं तिघेहि चकित झाले. परंतु गणिती स्टोक्स यांनीं अखेर निर्णय दिला, कीं यांत नवें कांहीं नाहीं. जवळच्या वेटोळ्यांमध्यें होणारें परिचित विद्युत्-प्रवर्तनच तें. ह्यूज हिरमुसला. पुरता पुरावा जमल्यावांचून लिहावयाचें नाहीं, असें म्हणतां म्हणतां त्यानें निबंध लिहिलाच नाहीं. मॅक्स्वेलनें कागदावर वर्तविलेल्या लहरी प्रयोगानें सिद्ध करण्याचा मान पुढें १८८७-८८ मध्यें जर्मनीच्या कार्ल्सरूह शहरीं हाइन्रिख हर्ट्झला मिळाला, आणि तो योग्यच होता. कारण हर्ट्झनें लहरींची लांबी मोजली, त्यांचें परावर्तन दाखविलें, नुसता आवाज ऐकून तो थांबला नाहीं. तथापि स्टोक्ससारख्या पंडितानें त्या दिवशीं थोडा धीर धरला असता तर, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. ह्यूजची हकीकत जगापुढें आली १८९९ मध्यें, आणि १९०० च्या जानेवारींत तो निवर्तला.

दरम्यान सैल सांध्यानें दुसऱ्याच दारानें प्रवेश केला होता. पॅरिसमध्यें एदुआर ब्रांली यानें १८९० सालीं एका कांचनळींत धातूचा कीस भरून तीतून वीज सोडून पाहिली. कीस धातूचा असूनहि वीज जवळजवळ वाहत नसे. कारण प्रत्येक कणावर गंजाचें किंवा दुसऱ्या कसल्या तरी पापुद्र्याचें अतिसूक्ष्म आवरण असतें. परंतु दूर कोठें तरी ठिणगी उडाली, कीं तोच कीस एकाएकीं उत्तम वाहक बने, आणि नळीस टिचकी मारतांच पुन्हां पूर्ववत् होई. इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यानें १८९४ मध्यें, हर्ट्झच्या मृत्यूनंतर दिलेल्या व्याख्यानांत, या नळीचा उपयोग लहरींचा ग्राहक म्हणून करून दाखविला. तिला त्यानें कोहीरर म्हटलें. कण एकमेकांस चिकटतात म्हणून हें नांव. कण सुटे करण्यासाठीं नळीवर आपोआप टिचकी मारणारी लहानशी हातोडीहि बसविण्यांत आली. कणांच्या स्पर्शबिंदूंवर नेमकें काय घडतें, या प्रश्नानें पुढें शंभर वर्षें शास्त्रज्ञांस गुंतवून ठेवलें. फ्रान्समधील भौतिकशास्त्रज्ञांनीं २००५ सालींहि त्याच ब्रांलीच्या कोड्यावर निबंध प्रसिद्ध केला आहे. पापुद्रा भेदला जाऊन दोन कण एका सुईच्या अग्राहूनहि लहान जागीं क्षणार्धांत जणूं डागले जातात, असें त्याचें सामान्य स्वरूप आहे.

या कामांत हिंदुस्थानचा वांटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे वाजवीपेक्षां कमी सांगितला जातो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं कांचनळींतील बेभरंवशाचा कीस टाकून दिला, आणि त्याऐवजीं पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एकीशेजारीं एक ठेवून, मळसूत्रानें त्यांवरील दाब कमीअधिक करतां येईल असा ग्राहक बनविला. अर्थात् येथें सैलपणाहि मोजूनमापून राखलेला होता! १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें त्यांनीं भिंती भेदून गेलेल्या लहरीनें घंटा वाजवून व दारू पेटवून दाखविली. पुढें त्यांनीं एकेक धातु घेऊन त्याच्या स्पर्शाचा स्वभाव तपासला, आणि लोखंड व पारा यांच्या स्पर्शाचा, टिचकीवांचून आपोआप सुटणारा ग्राहक १८९९ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनीनें न्यूफाउंडलंडांत अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला, तो पाऱ्याच्याच एका कोहीररनें व कानाशीं धरलेल्या टेलिफोननें. आणि त्या उपकरणाचें बसूंच्या ग्राहकाशीं असलेलें साम्य अलीकडील संशोधकांनीं स्पष्ट दाखविलें आहे.

दुरून चालणाऱ्या वाहनांची कथा येथूनच सुरू होते. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनांत निकोला टेस्ला यानें एका हौदांत लहानशी लोखंडी होडी सोडली. होडीस तार नव्हती, आंत माणूस बसण्याजोगी जागा नव्हती. तरी टेस्ला दूर उभा राहून ती फिरवी, वळवी, तिचे दिवे लावी आणि विझवी. पाहणाऱ्यांस ती जादू वाटली. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं तिला अमेरिकन पेटंट मिळालें. आजच्या सर्व दूरनियंत्रित विमानांची आजी ती हीच. तिचा कान होता कोहीररचाच, पापुद्रा चढलेल्या धातुकणांनीं भरलेली डबी. आणि प्रत्येक संकेतानंतर ती डबी उलटीसुलटी होऊन कण मोकळे होत. म्हणजे ज्या सैल धातुस्पर्शामुळें आज विमान कोसळतें, त्याच्याच आधारें पहिली होडी आज्ञा पाळीत होती.

मात्र या कानास एक दुर्गुण होता. आपली हांक कोणती व परक्याची कोणती, हें त्यास ओळखतां येत नसे. आकाशांत वीज चमको कीं शेजारीं ठिणगी उडो, त्याच्या लेखीं सगळ्या सारख्याच. शिवाय तो एक तर जागा, नाहीं तर निद्रिस्त. आवाजाची चढउतार त्यास कळत नसे. १९०६ नंतर तीन विद्युदग्रांचा दिवा, म्हणजे ज्यास पुढें रेडिओचा व्हॉल्व्ह म्हणूं लागले, तो आला, आणि दहाएक वर्षांतच कोहीरर अडगळींत पडला. त्याचा एक दूरचा आप्त तेवढा कांहीं काळ घरोघर नांदला. १९२७ च्या जुलैंत मुंबईचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हांचे श्रोते स्फटिकावर बारीक तारेचें टोंक टेकवून, नेमका बोलका बिंदु शोधीत बसत. स्फटिकाच्या या ग्राहकाचेंहि अमेरिकन पेटंट १९०४ सालीं बसूंनाच मिळालेलें होतें.

व्हॉल्व्ह अत्यंत कुशाग्र कानाचा निघाला, आणि येथून डाव उलटला. पूर्वीं जो ऐकत होता, तो आतां गोंगाट करणारा ठरला. ब्रिटनमध्यें १९३५ सालीं क्वीन बी हें वैमानिकावांचून उडणारें विमान तोफखान्यास नेमबाजीचें लक्ष्य म्हणून सज्ज झालें, तें सरकारी पैशानें. परंतु साध्या माणसानें आपल्या खिशांतून उडविलेलें विमान पाहावयाचें, तर अमेरिकेच्या मिशिगन प्रांतांतील कॅलमझू गांवीं जावें लागतें. तेथें वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं 'गफ' नांवाचें आठ फूट पंखविस्ताराचें विमान रेडिओनें चालविलें. त्याच वर्षीं डेट्रॉइट येथील राष्ट्रीय स्पर्धेंत दूरनियंत्रित विमानांचा विभाग प्रथम ठेवण्यांत आला, आणि पुढील वर्षीं तेथें गुड बंधूंचा जय झाला. 'गफ' आज स्मिथ्सोनियन संग्रहांत आहे.

त्या काळच्या यंत्ररचनेंत खोट्या संकेतानें काय अनर्थ होई, हें समजून घेण्याजोगें आहे. प्रक्षेपकापाशीं एकच शब्द होता: 'चालू'. ग्राहकांत एकच व्हॉल्व्ह. तो रिलेस हलवी, रिले एका खिळीस सोडी, आणि पीळ दिलेल्या रबराच्या बळावर सुकाणूं एक घर पुढें सरके. क्रम ठरलेला: उजवीकडे, मध्यें, डावीकडे, मध्यें. वैमानिकास हा क्रम मनांत मोजीत राहावें लागे. आतां विमानांतल्याच एखाद्या सांध्यानें मधेंच एक खोटा संकेत पुरविला, तर केवळ क्षणभर हिसका बसून भागत नसे; सगळा क्रमच एका घरानें चुके. वैमानिक उजवीकडे म्हणून बटण दाबी आणि विमान डावीकडे वळे. जमीन जवळ असली, कीं चूक सुधारण्यास दुसरी संधि नसे.

आरंभीं या सांध्यांवर कोणाचा संशय गेला नाहीं, कारण त्यांहून मोठा गोंगाटी एंजिनांतच बसला होता. गुड बंधूंच्या काळचीं चिमुकलीं एंजिनें विजेच्या ठिणगीनें पेटत. प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी, आणि ग्राहक तिच्यापासून वीतभर अंतरावर! तारांस धातूचें वेष्टण घालणें, ग्राहक शक्य तितका मागें नेणें, हे उपाय चालत. १९४७ मध्यें रे आर्डन या अमेरिकनानें एंजिनांत तप्त तारेची ग्लो-प्लग बाजारांत आणली. एकदां तापली, कीं ती एंजिनाच्या उष्णतेनेंच लाल राहते; ठिणगी नाहीं, बॅटरीचें ओझें नाहीं. हौशी लोकांनीं सुटकेचा श्वास टाकला. परंतु मोठा गोंगाट थांबल्यावर खोलींतील घड्याळाची टिकटिक ऐकूं यावी, तसे आतां सैल सांधे उघडकीस आले.

एंजिन मिनिटास दहा हजार फेरे घेतें असें धरलें, तर सेकंदास दीडशेंहून अधिक हादरे विमानाच्या अंगांतून जातात. कडी व शिंग हीं दोन्ही धातूचीं असलीं, तर तितक्या वेळां तीं एकमेकांस टेकतात व सुटतात. यापासून दोन प्रकारें उपद्रव होतो. एक म्हणजे वेगवेगळ्या धातुखंडांवर घर्षणानें व हवेनें निरनिराळा विद्युद्भार जमलेला असतो. तीं टेकतांच तो अतिसूक्ष्म ठिणगीच्या रूपानें समतोल होतो, आणि ठिणगीचा स्वर कोणत्याहि एका पट्टींत नसून सर्व पट्ट्यांत पसरलेला असतो. दुसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. एंजिनापर्यंत किंवा शेपटापर्यंत गेलेली लांब सळई ही ग्राहकाच्या एरियलशेजारीं आणखी एक एरियलच होय. सांधा जुळला, कीं तिची लांबी वाढते. सुटला, कीं घटते. त्यामुळें एरियलवर येणारा खरा संकेतहि सेकंदास शेंकडों वेळां हेलकावे खातो. विमान जवळ आहे तोंवर खरा संकेत बलवान असतो आणि कांहीं जाणवत नाहीं. तें दूर गेलें, म्हणजे तीच कुजबूज मालकाच्या हांकेपेक्षां वरचढ ठरते.

याचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त निघाला. दोहोंपैकीं एक अंग धातूचें नसावें, एवढेंच. नायलॉनची कडी आली, नायलॉनचें शिंग आलें; एंजिनाच्या वायुद्वाराची दांडी धातूचीच असते, म्हणून तेथें सळईच्या टोंकास हटकून नायलॉन बसवूं लागले. पक्का डागलेला किंवा मळसूत्रानें करकचून आवळलेला धातूचा सांधा निरुपद्रवी असतो. बोलतो तो अर्धवट जुळलेला. मोठ्या विमानांतहि हीच काळजी घेतात. तेथें बिजागरीनें हलणारें प्रत्येक धातूचें पातें विणलेल्या तांब्याच्या पट्टीनें सांगाड्याशीं जोडून ठेवलेलें असतें. आणि जहाजांवर गंजलेल्या साखळ्या व बोल्ट हे स्वतःच्याच जहाजाच्या प्रबळ प्रक्षेपकानें जागे होऊन नवे स्वर काढतात, ही डोकेदुखी आरमारी तंत्रज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहे. गंजाचा तो पापुद्रा ब्रांलीच्या नळींतल्या पापुद्र्याचा सख्खा भाऊच म्हणावा.

१९८० नंतरच्या दशकांत आकड्यांच्या सांकेतिक भाषेंत आज्ञा पाठविण्याची पद्धति निघाली. तींत अशुद्ध आलेली आज्ञा ग्राहक टाकून देतो व मागील आज्ञा धरून ठेवतो. सोय मोठी, परंतु तिनें एक धोकाहि आणला. पूर्वीं सांधा सैल झाला, कीं सुकाणूं थरथरे आणि मालक सावध होई. आतां थरथर लपली, आणि दोष विकोपास गेल्यावर विमान एकदमच हातचें जाऊं लागलें. २००५ च्या सुमारास हौशी विमानांसाठीं सेकंदास सुमारें अडीचशें कोटि कंपनांच्या, विस्तृत पट्ट्यांत पसरलेल्या लहरी वापरांत आल्या. तितक्या उंच स्वरांत सैल सांध्याची खरखर फारच क्षीण असते, म्हणून नवे खेळाडू या विषयाची फारशी फिकीर करीत नाहींत. जुन्या लहरींवर अजून उडविणारे मात्र करतात, आणि कित्येक जुनीं माणसें नव्या यंत्रांतहि नायलॉनचीच कडी लावतात.

त्यांची उड्डाणापूर्वींची चाचणी पाहण्यासारखी असते. सोबती विमान दोन्ही हातांनीं घट्ट धरून उभा राहतो. मालक प्रक्षेपकाची एरियल मिटवून घेतो आणि पावलें मोजीत मागें मागें चालूं लागतो, नजर सुकाणूंवर, आंगठा दांडीवर. ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर ह्यूज कानाशीं टेलिफोन धरून चालला, तसाच. तीस पावलांवर तो थांबतो. एंजिन बंद असतां सुकाणूं स्थिर आहे. मग तो हातानें खूण करतो, सोबती एंजिन चालू करून पूर्ण वेगानें फिरवितो, आणि सुकाणूं किंचित् थरथरूं लागतें. एंजिन पुन्हां बंद होतें. दोघेहि गवतावर बसतात, आणि एकेक सांधा बोटांनीं चांचपून पाहूं लागतात.